बुटातला खडा

ज्यांच्या पायाखालची जमीन एखाद्या दिवशी अचानक मऊ झाली असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. असं काही मला आधी कोणी वाचायला दिलं असतं, तर मी थोडी लवकर डॉक्टरकडे गेले असते आणि नंतर थोडी कमी घाबरले असते. मी डॉक्टर नाही. बोरिवलीत राहते, अंधेरीतल्या एका विमा कंपनीत क्लेमची कामं बघते आणि सकाळी पळते. पळायचे, असं म्हणायला हवं. पण ते लिहिताना हात अजून अडखळतो, म्हणून राहू द्या.

औषधांची नावं आणि रिपोर्टातले आकडे यांत मी शिरणार नाही. ते तुम्हाला तुमचे डॉक्टर सांगतील. ते जे सांगत नाहीत, तेवढंच मी सांगते.

ढगावरचे दिवस

पळणारी माणसं पळतात त्याहून जास्त शूजबद्दल बोलतात. रविवारी नॅशनल पार्कातून बाहेर पडून आमचा ग्रुप चहा प्यायला उभा राहिला, की कोणाची सासू, कोणाचं प्रमोशन, कशालाच जागा नसे. कोणी कोणते घेतले, फोम केवढा जाड, आत पट्टी आहे की नाही, बस्स. त्यातल्या त्यात पट्टीवाल्या शूजचं नाव निघालं की सगळे जरा हळू आवाजात बोलायचे, घरात लग्न ठरत असताना बोलतात तसे.

हे नवे शूज म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. तळव्याखाली जाडजूड पण अगदी हलका फोम, आणि त्या फोमच्या पोटात कार्बनची एक ताठ, किंचित वाकडी पट्टी. पाय टेकला की फोम दबतो आणि लगेच उसळतो, पट्टी पावलाला पुढे कलंडवते. माणूस दमतो, पण जरा उशिरा दमतो. पळतो तो माणूस की बूट, यावर आमच्याकडे तासन्‌तास भांडणं व्हायची. मी ‘माणूस’ म्हणणाऱ्यांच्या बाजूची होते. शूज घेईपर्यंत.

माझं एक स्वप्न होतं. अर्धमॅरेथॉन दोन तासांच्या आत संपवायची. दरवर्षी थोडक्यात हुकायचं. स्मिता, माझी पळण्यातली सोबतीण, मला त्यावरून पिडायची. एकदा चहाचा ग्लास माझ्या हातात कोंबून म्हणाली, “घेऊन टाक ना ते शूज, यार. किती वर्षं दोन तासांच्या दारात उभी राहणारेस? आत ये की!”

घेतले. पांढरे, टाचेकडे पोपटी. पहिल्याच सकाळी पार्कातल्या रस्त्यावर पाऊल टाकलं आणि वाटलं, डांबरावर कोणीतरी गादी अंथरलीय. झाडांतून धुकं उतरत होतं, वानरं फांद्यांवर अंग आखडून बसली होती, आणि माझ्या पावलांचा आवाजच येत नव्हता. मी खुळ्यासारखी हसत पळत राहिले.

दोन-चार दिवसांत बोटांना मुंग्या यायला लागल्या. स्मिता म्हणाली, “लेस आवळतेस तू.” सैल केली. ग्रुपमधला दुसरा कोणी म्हणाला, नवा फोम आहे, पायाला सवय व्हायला वेळ लागतो. तेही पटलं. जमीन रोज थोडी जास्त मऊ होत होती आणि मी रोज थोडी जास्त खूश. ऑफिसातल्या पार्टीनंतर माझं पोट बिघडलं होतं, तीन दिवस मऊ भातावर काढले होते, ते मी केव्हाच विसरून गेले होते.

शर्यत गोराईच्या रस्त्यावर होती. खाडीवरून वारा येत होता, त्याला ओल्या जाळ्यांचा वास होता. कोळीवाड्यातल्या दोघी-तिघी बायका टोपल्या खाली ठेवून आमच्याकडे बघत उभ्या होत्या. त्यातली एक ओरडली, “पल गो पल, कोन लागलंय मागं?” मी हात केला. नंतरचं मला नीट आठवत नाही. रस्ता आपणहून माझ्याखालून मागे सरकत होता, मी नुसती वर तरंगत होते. शेवटच्या कमानीखालून गेले तेव्हा घड्याळात दोन तास अजून व्हायचे होते. मी रडले, स्मिता रडली, अनोळखी माणसांनी पाठीवर थापा मारल्या.

मग फुटपाथच्या कडेला बसून शूज काढले, तर उजव्यातून हरभऱ्याएवढा खडा खाली पडला. मोज्याला रक्त लागलं होतं. करंगळीच्या खाली तळवा सोलून निघाला होता.

“अगं बाई, दुखलं नाही?” स्मिताने विचारलं.

“नाही. कळलंच नाही.”

“काय फोम आहे, यार! झकास!”

त्या खड्याचा फोटो ग्रुपवर गेला. खाली अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली.

देवघरासमोरून

आमच्या घरात बाहेरच्या चपला आत येत नाहीत. कोणाच्याच येत नसतील. घरात फिरायला रबरी स्लीपर, त्याही देवघरापाशी काढायच्या. शर्यतीनंतर दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या घेऊन हॉलमध्ये आले. मिलिंद, माझा नवरा, मागून म्हणाला, “अगं, तुझी एक स्लीपर फ्रिजपाशी राहिली.”

“पायात आहे की.”

“खाली बघ.”

बघितलं. एक पाय स्लीपरमध्ये, एक नुसता फरशीवर. फरशी गार असणार. मला ती गारही लागत नव्हती आणि फरशीही लागत नव्हती.

आता खरं तर तेव्हाच निघायला हवं होतं. पण मी पळणारी बाई, आणि पळणाऱ्यांना प्रत्येक दुखण्याचं कारण शूजमध्ये दिसतं आणि उपायही शूजमध्ये दिसतो. मला असं आढळलं की अनवाणी चालताना पाऊल अडखळतं, पण ते पोपटी टाचेचे शूज घातले की बरं वाटतं. पट्टी पाऊल ताठ धरते, पुढे ढकलते. मग मी घरातच ते घालून फिरायला लागले. स्वयंपाकघरात, बेडरूममध्ये, सगळीकडे.

मिलिंदने एक दिवस चालवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा लावायला देवघरापाशी गेले, तेव्हा त्याचा आवाज चढला. “आता देवासमोर पण? झोपतेस पण त्यातच का? काढ आधी ते.”

मी चिडून स्टुलावर बसले, लेस सोडली, शूज बाजूला ठेवले आणि उभी राहिले. म्हणजे राहायला गेले. गुडघ्यांनी ऐकलंच नाही. मी देवघराच्या पायरीपाशी घडी घातलेल्या साडीसारखी खाली बसले. लागलं काहीच नाही. आमची मुलगी इरा तेव्हा बारावीत होती. ती खोलीतून धावत आली आणि म्हणाली, “आई, बोटं हलव.” मी हलवत होते. जिवाच्या आकांताने हलवत होते. ती म्हणाली, “हलव ना, आई.”

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाईंनी छोट्या हातोडीने गुडघ्यावर टकटक केलं. पाय उडाला नाही. दुसरा पायही नाही. पोट बिघडलं होतं का, त्यांनी विचारलं. मिलिंदने सांगितलं, मलाच आठवत नव्हतं. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि समोर बसल्या. डॉक्टर खुर्ची ओढून बसले की समजावं. आजाराचं नाव जीबीएस. पोटातल्या जंतूंशी लढता लढता माझ्या शरीराने माझ्याच नसांवर हात उचलला होता, असं त्यांनी समजावलं. बहुतेक जण बरे होतात. कधी आणि किती, ते सांगता येत नाही.

“त्या शूजमुळे झालं का हे?” मिलिंदने विचारलं.

“नाही हो. शूजमुळे फक्त कळायला उशीर झाला.”

मी एकच विचारलं. “मला जमीन परत लागेल ना?”

त्यांनी माझ्या पावलावर हात ठेवला. मला तो दिसला.

एका श्वासात

आयसीयूत दिवस-रात्र नसते. छतावर एक पांढरा दिवा असतो आणि त्याखाली आपण. मुंग्या गुडघ्यांच्या वर चढल्या होत्या, हातही जड झाले होते. भीती छातीची होती. ती थकली असती तर श्वासाचं मशीन लावावं लागलं असतं. म्हणून सिस्टर अधूनमधून येऊन सांगायच्या, दीर्घ श्वास घे आणि एका दमात एक, दोन, तीन मोजत जा. जिथे दम संपेल तिथे थांब. मी पार्कातल्या कान्हेरी लेण्यांचा अख्खा चढ गप्पा मारत चढणारी बाई, आणि एवढ्याशा आकड्यांना धाप लागायची. आकडा कमी झाला की सिस्टर नुसतं पांघरूण सारखं करायच्या. त्या मालवणकडच्या होत्या. एकदा माझ्या डोळ्यांतलं पाणी त्यांनीच पुसलं, कारण माझा हात तिथवर पोचत नव्हता. म्हणाल्या, “रडा नको गो बाय. सगळा बरा होतला.” खोटं असेल, पण त्या घडीला मला तेवढंच पुरलं.

झोप आणि जाग यांच्या मधोमध मी पळत असायची. तोच कान्हेरीचा रस्ता, पण कणकेसारखा मऊ. पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं आणि आवाज न करता वर यायचं. दोन्ही बाजूंना हरणं उभी असायची. मी थकायची नाही, घामही नाही, वाराही नाही. सुंदर होतं ते, कबूल करते. इतकं सुंदर की भीती वाटायची. कारण त्या रस्त्याला शेवट नव्हता, आणि मला कुठेतरी पाय टेकायचा होता.

अशाच एका अर्धवट जागेपणी मला तो खडा आठवला. फोम तळव्याच्या खाली असतो. खडा होता फोमच्या वर, माझ्या कातड्याला चिकटून. फोम जगातला सर्वांत भारी असला, तरी तो खडा मला टोचायलाच हवा होता. इतकी साधी गोष्ट. वर्षानुवर्षं शूजचा किस पाडणारे आम्ही एवढे जण तिथे होतो, रक्त बघत होतो आणि टाळ्या वाजवत होतो. मला हसू आलं. मॉनिटर टीं टीं करायला लागला आणि सिस्टर धावत आल्या.

मी हात लावलाच नव्हता

मशीन लावावं लागलं नाही. आकडा एके दिवशी खाली जायचा थांबला, मग हळूहळू वर चढला. हात आधी परत आले. पाय तसेच राहिले. मी घरी आले ती व्हीलचेअरवरून.

घरातलं वातावरण कसं होतं ते लपवत नाही. मिलिंद माझं सगळं करायचा, अंघोळसुद्धा, पण बोलायचा कमी. शूज त्याने माळ्यावर फेकले होते. त्याचा राग कुठेतरी जायला हवा होता, तो शूजवर गेला आणि शूजवरून स्मितावर. ती भेटायला आली तेव्हा हा दारातच म्हणाला, “आता काय, नवीन मॉडेल दाखवायला आलीस?” स्मिता पाच मिनिटं बसली. माझा हात धरला, डोळे पुसले आणि गेली. त्या संध्याकाळी मी मिलिंदशी बोलले नाही. मग रात्री तो माझ्या पायांना तेल लावताना मान खाली घालून रडायला लागला, आणि मला त्याचे अश्रू पावलावर पडताना दिसत होते, लागत नव्हते. त्याहून वाईट मला आजारपणात काही वाटलं नाही.

इराचा अभ्यासातला वेळ माझ्यात जात होता, याची मला सारखी टोचणी असायची. ती म्हणायची, “चिल, आई. ब्रेक घ्यायला कारण लागतंच मला.” तिने एक खेळ काढला होता. मी डोळे मिटायचे, तिने माझ्या एका बोटाला हात लावायचा, कोणतं ते मी ओळखायचं. पहिले काही आठवडे मी ‘माहीत नाही’ म्हणत राहिले. मग मला तिचा पडलेला चेहरा बघवेना. एका दुपारी मी म्हटलं, “अंगठा.” “बरोबर ना? उजवा अंगठा. आता लागला जरासा.”

मी डोळे उघडले. ती पलंगाच्या टोकाशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

“आई, मी हात लावलाच नव्हता.”

मी नजर खिडकीकडे वळवली. खाली कोणीतरी स्कूटर धूत होतं, बादलीचा आवाज येत होता. शेवटी ती म्हणाली, “माझ्यासाठी नको ना ओळखूस. खरं लागेल तेव्हाच सांग.” मी हो म्हटलं. तिने परत माझे मोजे चढवले.

तीच पट्टी

फिजिओथेरपिस्ट जागृती घरी यायची. हसरी, पण कामात अजिबात दयामाया नाही. पलंगावरून खुर्ची, खुर्चीतून वॉकर, वॉकरवरून भिंत. गुडघे परत आले. पण पाऊल उचलायचं नाही, पुढून लोंबायचं. मग तिने ब्रेस मागवला. पायाच्या मागून वर जाणारी, तळव्याखाली जाणारी एक काळी, हलकी, चमकदार पट्टी. मी तिच्यावरून बोट फिरवलं आणि थांबले.

“कार्बन?”

“हो मॅडम. पाऊल पडू देत नाही, पुढे ढकलतं.”

मिलिंद बाजूलाच उभा होता. त्याने ब्रेस हातात घेऊन जरा वाकवून बघितला. म्हणाला, “म्हणजे हे तेच.” आणि किती दिवसांनी हसला.

मला तेव्हा एक गोष्ट कळली, जी चहाच्या त्या सगळ्या भांडणांत कोणी बोललं नव्हतं. फोम आणि पट्टी आपल्या पदरचं काही देत नाहीत. तुम्ही जमिनीला दिलेलं तुम्हाला परत देतात, जरा नीट, जरा कमी सांडून. द्यायला पायात आधी काही असावं लागतं. त्या शर्यतीतले दोन तास माझेच होते. आणि देवघरासमोर मी जी पडले, तीही त्यांच्यामुळे नाही. उलट त्या आधीचा एक दिवस त्यांनी मला उभं ठेवलं होतं.

ब्रेस कोणत्या बुटात बसवायचा, यावर घरात चर्चा झाली. मिलिंदने स्वतःच स्मिताला फोन लावला. “तुलाच कळतं त्यातलं. येतेस का?” ती त्याच संध्याकाळी आली. पोपटी टाचेचे शूज तिने हातात घेतले, दाबून बघितले आणि बाजूला ठेवले. “हे नको. उंच आहेत, डुलतात, घोट्यात ताकद नसेल तर पाडतील. तुझे ते जुने, जड, पसरट तळाचे कुठायत?” मिलिंद माळ्यावर चढला. मग आम्ही चौघांनी चहा प्यायला, आणि मिलिंदने तिला बिस्किटांचा डबा दोनदा पुढे केला.

खडा

तुमच्यातल्या कोणाचे पाय बधिर असतील तर एक सांगते, डॉक्टरांनी मलाही बजावलं होतं. बूट घालण्याआधी उलटा करून झटकायचा, रात्री आरशात तळवा बघायचा. लागलेलं कळत नाही, जखम चिघळते. आमच्याकडे झटकायचं काम इराकडे होतं. ती रोज माझा बूट दारात आपटायची आणि आत हात घालून बघायची.

ब्रेस थंडीच्या सुरुवातीला सुटला. पावलं उचलत होती, पण जमीन अजून मऊच होती. मुंग्या होत्या, त्यांच्या पलीकडे काही नव्हतं. डॉक्टरबाईंना मी पुन्हा तेच विचारलं. त्या म्हणाल्या, नसा सावकाश वाढतात, वाट बघू. त्यांच्या आवाजात ‘कदाचित नाही’ही होतं. मी त्याची तयारी करत होते. चालता येतंय, पुष्कळ झालं, असं स्वतःला सांगायची, आणि मग न्हाणीघरात दार लावून रडायची.

एका रविवारी इरा मला नॅशनल पार्कात घेऊन गेली. तिचं कॉलेज सुरू झालं होतं. ग्रुप नुकताच चढाच्या दिशेने पुढे निघाला होता, स्मिता मागे वळून हात करत होती. आम्ही दोघी सावकाश चालत होतो. धुकं होतं. हरणांचा एक कळप रस्त्याच्या पलीकडे उभा होता, अगदी स्वप्नातल्यासारखा, आणि क्षणभर मला कळेना की मी कुठे आहे. सायकली आल्या म्हणून आम्ही डांबरावरून कडेच्या मातीत उतरलो. थोडं चालून परत वर आलो.

मी थांबले.

“काय झालं? पाय मुरगळला?” इराने माझा दंड धरला.

“टोचतंय.”

तिने दंड सोडला. रस्त्यातच माझ्या पायाशी बसली. वर बघून म्हणाली, “कोणता पाय?”

“उजवा.”

“कुठे?”

“करंगळीच्या खाली.”

“आई, खरं?”

“खरं.”

तिने लेस सोडली, बूट काढून आपल्या तळहातावर उलटा केला. तुरीच्या डाळीएवढा एक खडा बाहेर पडला. इरा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने बूट तिथेच ठेवला, माझं पाऊल मांडीवर घेतलं आणि त्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडायला लागली. बाजूने जाणारे थांबून विचारत होते, ताई, लागलं का, पाणी देऊ का. मी हसत होते, मान हलवत होते.

थोड्या वेळाने तिने नाक पुसलं, बूट नीट झटकला आणि खडा फेकायला हात मागे नेला.

“फेकू नको. परत आत टाक,” मी म्हटलं.

“वेडी आहेस का? डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“त्या समोरच्या पुलापर्यंत. मग फेक.”

तिने माझ्याकडे बघितलं आणि खडा बुटात टाकला. मी तिच्या खांद्याला धरून पुलापर्यंत लंगडत गेले. प्रत्येक पावलाला तो टोचत होता.